कुलाब्याचे अफगाण चर्च : पर्यटकांची दृष्टी आणि अनाम शिपाई

प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्यातून सहलीसाठी वा कामानिमित्त मुंबईस जाणारा प्रवासी बहुधा कुर्डुवाडीस सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये बसतो आणि सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतो. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ ते १८८७ या काळात उभारलेली ही इमारत गॉथिक शैलीची आहे, हे माहीत नसतानाच त्याचे मुंबईदर्शन गॉथिक वास्तूतून सुरू होते. पुढे गेटवे, वस्तुसंग्रहालय, राजाबाई मनोरा असा क्रम ठरलेला असतो. गेटवेपासून दक्षिणेस, लष्करी वसाहतीच्या हद्दीत असलेल्या सेंट जॉन चर्चपर्यंत फार थोडे लोक पोहोचतात. वस्तुतः मुंबईतील गॉथिक वास्तुपरंपरेचा आरंभ समजून घ्यावयाचा असेल, तर स्टेशनपूर्वीच्या या वास्तूकडेच जावे लागते. लोक तिला अफगाण चर्च या नावाने ओळखतात. हे नाव कसे पडले आणि ते कोणाच्या स्मृतीचे आहे, याचा विचार प्रस्तुत निबंधात केलेला आहे.

वास्तूची घडण

चर्चच्या बांधकामास १८४७ मध्ये प्रारंभ झाला व ७ जानेवारी १८५८ रोजी ते विधिपूर्वक उपासनेसाठी खुले करण्यात आले. आराखडा हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याचा होता. मुंबईस नळाचे पाणी देणाऱ्या विहार तलावाची योजनाही याच गृहस्थांची. शहराच्या इतिहासात त्यांचे नाव ज्या प्रमाणात घेतले जावयास हवे, त्या प्रमाणात घेतले जात नाही. इंग्लंडमध्ये १८३० नंतर मध्ययुगीन चर्चवास्तूच्या पुनरुज्जीवनाची जी चळवळ उभी राहिली, तिचे वारे या आराखड्यात स्पष्ट दिसतात. फरशी, बाके आदी अंतर्भागाची रचना विल्यम बटरफिल्ड यांनी केली, तर रंगीत काचचित्रे विल्यम वेल्स यांच्या कारखान्यातून आली. मनोऱ्याचे काम मात्र निधीअभावी रेंगाळले. चर्च उघडल्यानंतर सात वर्षांनी, १८६५ मध्ये, तो पूर्ण झाला. त्याकरिता सर कावसजी जहांगीर रेडिमनी यांनी ७,५०० रुपये दिले. ख्रिस्ती सैनिकांच्या स्मारकाचे शिखर पुरे करण्यास पारशी दात्याचा हातभार लागावा, हे त्या काळच्या मुंबईस शोभणारेच होय. १९८ फूट उंचीचा हा निमुळता मनोरा बंदरात शिरणाऱ्या गलबतांना खूण म्हणून उपयोगी पडत असे.

वेळापूरच्या अर्धनारीनटेश्वर मंदिराशी परिचय असलेल्या अभ्यासकास येथील रचना लगेच वेगळी जाणवते. आपल्याकडील यादवकालीन मंदिरांत खांबांवर तुळया आणि तुळयांवर शिळा अशी मांडणी असते. दगड चुन्याशिवाय एकमेकांत बसविलेले असतात. सर्व भार सरळ खाली उतरतो, म्हणून खांब जवळजवळ उभे करावे लागतात, भिंती जाड ठेवाव्या लागतात आणि गाभारा अंधारा राहतो. गॉथिक वास्तूत टोकदार कमान हा भार बाजूंकडे ढकलते व भिंतीबाहेरील दगडी धिरे तो पेलतात. त्यामुळे भिंत मोकळी होते आणि तेथे उंच खिडकी बसविता येते. बाराव्या शतकात फ्रान्समध्ये ही युक्ती पूर्णत्वास गेली. भीमेच्या खोऱ्यातील स्थपती काळ्या पाषाणातून अंधार कोरत होता, तर तिकडचा स्थपती प्रकाशाला वाट करून देत होता. दोघांनाही आपापल्या देवाचे सान्निध्यच निर्माण करावयाचे होते. कुलाब्यास पिवळसर कुर्ला दगडात हा दुसरा प्रकार पाहावयास मिळतो.

पर्यटक येथे काय पाहतो? तो मान वर करून काचचित्रे पाहतो, छायाचित्र घेतो, मनोऱ्याची उंची विचारतो आणि परततो. भिंतीवरील अक्षरे वाचण्याइतका वेळ त्याच्याजवळ नसतो. या वास्तूचे प्रयोजन मात्र त्या अक्षरांतच आहे.

युद्ध आणि नावे

दोस्त महंमदास पदच्युत करून शाह शुजास काबूलच्या गादीवर बसविण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने १८३८ मध्ये मोहीम काढली. मुंबईची फौज सर जॉन कीन यांच्या हाताखाली समुद्रमार्गे सिंधूच्या मुखाशी उतरली व बोलन खिंडीतून पुढे गेली. १८३९ च्या जुलैत गझनी आणि ऑगस्टमध्ये काबूल हाती आले. तथापि जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघार घेताना सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजारांच्या आसपास बाजारबुणगे यांची जवळजवळ पूर्ण वाताहत झाली. पुढील वर्षी मियानीच्या लढाईनंतर सिंध खालसा करण्यात आले.

या मोहिमांत पडलेल्या अधिकाऱ्यांची नावे चर्चमध्ये कोरलेली आहेत. त्याखालील मजकुराचा आशय असा की, आजाराने वा शस्त्राने मृत्यू पावलेले खालच्या दर्जाचे अंमलदार व साधे शिपाई यांची संख्या फार मोठी असल्याने त्यांची नावे नोंदविता आलेली नाहीत. त्यात हिंदी शिपाई धरलेले आहेत की नाहीत, हे ते वाक्य सांगत नाही.

संख्या मोठी होती, हे खरेच. परंतु हे कारण पुरेसे मानता येत नाही. पुण्याजवळ कोरेगाव येथील १८१८ च्या लढाईचा स्तंभ कंपनी सरकारनेच उभारला आणि त्यावर कामी आलेल्या हिंदी शिपायांची नावे कोरली. ‘नाक’ प्रत्यय असलेली महार शिपायांची नावे त्यात आजही वाचता येतात. कोरेगावचे मृत काही डझन होते, असा आक्षेप येऊ शकतो. पण दिल्लीच्या इंडिया गेटवर १३ हजारांहून अधिक नावे आहेत, आणि त्यांत १९१९ च्या तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेल्यांचाही समावेश आहे. दगडाला नावे जड होत नाहीत. कोणाचे नाव कोरावयाचे, हे स्मारक उभारणाऱ्याची गरज ठरविते. कोरेगावी कंपनीस शिपायांची निष्ठा जाहीर करावयाची होती. कुलाब्याचे चर्च जानेवारी १८५८ मध्ये उघडले, तेव्हा उत्तरेत उठावाचे युद्ध चालू होते आणि कोल्हापूरच्या २७ व्या पलटणीच्या बंडास सहा महिनेही झालेले नव्हते. त्या क्षणी शिपायाच्या स्मृतीला चर्चमध्ये कितपत जागा मिळाली असती, याचा अंदाज करता येतो.

आपल्या भागातील वीरगळांवरही बहुधा नाव नसते. गावोगावच्या वेशीजवळ, देवळांच्या आवारात ते उभे असतात. तळाच्या चौकटीत पडलेला वीर, वर त्यास नेणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत वर शिवपूजा अशी त्यांची मांडणी असते. येथे नाव नसले तरी मनुष्य दिसतो. त्याची ढाल, त्याची तलवार, कधी त्याने सोडविलेली गुरे कोरलेली असतात. ज्या गावासाठी तो पडला त्या गावाला तो ठाऊक होता. कुलाब्यास शिपायाचे नावही नाही आणि आकृतीही नाही. केवळ त्याच्या संख्येचा उल्लेख आहे.

काहून

मुंबई लष्करात त्या काळी कोकण व देशावरील मराठा, महार आदी समाजांतील लोक मोठ्या प्रमाणावर होते. त्यांच्यापैकी पाचव्या नेटिव्ह इन्फंट्रीच्या एका लहान तुकडीने कॅप्टन लुईस ब्राउन याच्या हाताखाली बलुचिस्तानातील काहूनची गढी १८४० च्या मे ते सप्टेंबरपर्यंत मरी टोळ्यांविरुद्ध लढविली. ३१ ऑगस्टला मदतीस आलेली फौज नफुस्कच्या खिंडीत मार खाऊन मागे फिरली. कित्येक शिपाई तहानेने मेले. अखेर मरी सरदाराशी तह करून तुकडी शस्त्रांसह बाहेर पडली. ही पलटण पुढे मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन झाली आणि ‘काली पाँचवीं’ या नावाने आजही भारतीय सैन्यात आहे. तिच्या युद्धसन्मानांत ‘काहून’ हे नाव आहे. अफगाण चर्च पाहून मुंबईहून परतणाऱ्या सोलापूर-सातारकडील प्रवाशाच्या डब्यात या पलटणीचा एखादा रजेवरील जवान बसलेला असणे अगदीच अशक्य नाही.