प्लेगच्या वर्षातली घरझडती

१८९७ च्या मार्चच्या मध्यापासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पुणे शहरात घरोघर सक्तीची झडती चालली होती. झडती घेणारे गोरे सैनिक होते. शोध चालला होता तो प्लेगच्या रोग्यांचा आणि रोगी असल्याचा संशय येईल अशा माणसांचा. दारात येणाऱ्या पथकाकडे कोणत्याही न्यायाधीशाचे वॉरंट नसे. तसे वॉरंट लागतच नाही, असा कायदा त्याच वर्षी झाला होता. हिंदुस्थानातल्या नागरी स्वातंत्र्याचा विचार करताना सहसा राजद्रोहाचे खटले आणि विनाचौकशी स्थानबद्धता आठवते. प्लेगची झडती त्या मानाने मागे पडते. वास्तविक पुण्यातले राजद्रोहाचे खटले आणि स्थानबद्धता या झडतीतूनच निघाले.

प्लेग आधी मुंबईत आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातल्या रोग्यांना ग्रंथिक सन्निपात, म्हणजे गाठीचा प्लेग झाला आहे, असे निदान डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी केले. ते मूळचे गोव्याचे. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गावोगाव पांगले आणि रेल्वेमार्गाने रोगही पसरला. युरोपातली राष्ट्रे हिंदुस्थानी मालावर आणि जहाजांवर निर्बंध घालू लागली. व्यापार बुडेल या धास्तीने सरकारने फार घाईने पावले उचलली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर झाला.

हा कायदा अगदी आटोपशीर आहे. त्याला चारच कलमे होती. पहिल्यात नाव आणि विस्तार, दुसऱ्यात साथीच्या काळात सरकारला योग्य वाटतील ते उपाय योजण्याचा आणि नियम करण्याचा अधिकार, तिसऱ्यात नियम मोडणाऱ्याला शिक्षा. चौथे कलम असे की, या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कोणावरही दावा किंवा खटला चालणार नाही. अधिकार अमर्याद आणि त्याच्या वापराबद्दल जाब विचारण्याची वाट बंद, अशी ही रचना होती. पुढच्या सगळ्या कटुतेचे मूळ सैनिकांच्या वागण्यापेक्षाही या चौथ्या कलमात शोधावे लागते.

गुन्हेगारांसाठी असलेला कायदा शेजारी ठेवला की हे अधिक स्पष्ट होते. त्या काळी लागू असलेल्या १८८२ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत झडतीसाठी साधारणतः मॅजिस्ट्रेटचे वॉरंट लागे. पोलिस अधिकाऱ्याला तपासात विनावॉरंट झडती घेता येई, पण ठरावीक परिस्थितीतच. झडती वस्तीतल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष घ्यायची, सापडलेल्या वस्तूंची यादी करून त्यावर त्यांच्या सह्या घ्यायच्या, असा दंडक होता. आजच्या पंचनाम्यातले पंच तेच. पडदा पाळणाऱ्या स्त्रीच्या खोलीत शिरायचे तर तिला आधी बाहेर जाण्याची संधी द्यावी लागे. म्हणजे चोरीचा माल दडवल्याचा संशय असलेल्या घराला जे संरक्षण होते, ते घरात ताप आलेले मूल असलेल्या घराला नव्हते.

पुण्यातल्या बंदोबस्तासाठी वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याची नेमणूक झाली. तो याआधी साताऱ्याकडे होता आणि मिरवणुकीतल्या वाद्यांवरून झालेल्या वाईच्या प्रकरणात प्रतिष्ठित नागरिकांना शिक्षा दिल्यामुळे त्याचे नाव पुण्याला चांगले माहीत होते. त्याच्या अध्यक्षतेखालच्या प्लेग कमिटीत एक लष्करी अधिकारी आणि एक लष्करी डॉक्टर होते. कामासाठी सुमारे नऊशे सैनिक आणि अधिकारी दिले गेले. त्यांत डरहॅम लाइट इन्फंट्री या पलटणीचे सैनिक प्रमुख होते. गोऱ्या सैनिकांच्या तुकडीबरोबर एखादा एतद्देशीय गृहस्थ द्यायचा, अशी योजना होती. पथक येण्याची पूर्वसूचना मुद्दाम दिली जात नसे. सूचना दिली तर रोगी लपवले जातील, असा कमिटीचा हिशेब होता.

हा हिशेब केवळ आकसाचा नव्हता. लोक रोगी खरोखरच लपवत होते. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, असा अनुभव आणि समज दोन्ही पसरले होते. रोग उंदरांवरच्या पिसवांमुळे माणसात येतो हे तेव्हा सिद्ध झालेले नव्हते. त्यामुळे रोगी हलवणे, सहवासातल्या लोकांना छावणीत ठेवणे, घर धुऊन चुना देणे आणि संशयित सामान जाळणे, हे उपाय त्या काळच्या वैद्यकाला धरून होते. ‘केसरी’चे संपादक टिळक यांनीही इस्पितळे आणि विलगीकरण यांना तत्त्वतः विरोध केला नाही. ते साथीत पुण्यातच राहिले आणि हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग इस्पितळ उभारण्याच्या खटपटीत पुढे होते. वाद होता तो हे काम कोणी आणि कसे करावे याचा.

तक्रारी एकसारख्या येत होत्या. सैनिक बुटांसकट स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरतात. कुलूप लावलेल्या घरांची दारे फोडतात. वस्तू नाहीशा होतात, नको ते सामान जाळले जाते. धडधाकट माणसे रोगी समजून नेली जातात. काखेत आणि जांघेत गाठ आहे का हे पाहण्यासाठी बायकांना उघड्यावर तपासतात. वाड्यातली बाई परक्या पुरुषासमोर येत नसे, त्या काळात शेवटची तक्रार किती जिव्हारी लागली असेल ते सांगायला नको. पंडिता रमाबाई कोणत्याही अर्थाने सनातनी नव्हत्या, सरकारविरोधी पुढारीही नव्हत्या. त्यांनीसुद्धा १८९७ च्या मे महिन्यात ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून पुण्याच्या प्लेग इस्पितळात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर टीका केली. ही ओरड केवळ सोवळ्याओवळ्यापायी होती, असे म्हणणाऱ्यांनी हे पत्र लक्षात घ्यायला हवे.

रँडच्या अहवालात चित्र निराळे आहे. सैनिकांना सभ्यपणे वागण्याच्या सूचना होत्या आणि स्त्रीच्या अब्रूला हेतुपुरस्सर धक्का लावल्याची विश्वसनीय तक्रार एकही आली नाही, असे तो नमूद करतो. दोन्ही बाजूंचे सगळेच खरे किंवा सगळेच खोटे, असे मानण्याची गरज नाही. पण तक्रार विश्वसनीय आहे की नाही हे ठरवणार कोण? ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांचीच कमिटी. कोर्टाचे दार कायद्याने बंद केलेले. अब्रूची गोष्ट सरकारी कचेरीत जाऊन नावानिशी सांगायला कोणती स्त्री धजावली असती? पुरावा नाही यावरून गुन्हा घडला नाही, असा निष्कर्ष अशा स्थितीत काढता येत नाही. आरोप तपासण्याची सोयच नव्हती, एवढेच खात्रीने म्हणता येते.

कोर्ट नाही म्हटल्यावर वर्तमानपत्रे उरली. ‘केसरी’, ‘मराठा’ आणि इतर पत्रांनी झडतीवर कडक टीका केली. पुण्यातल्या सरदार नातू बंधूंनी अधिकाऱ्यांकडे तक्रारी नेल्या. पुढे २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना, गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला मरण पावला. दामोदर चाफेकर यांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फाशी झाली. बाळकृष्ण, वासुदेव आणि त्यांचे साथीदार महादेव रानडे यांना मे १८९९ मध्ये.

हा भाग शाळेच्या पुस्तकातून सर्वांना ठाऊक आहे. कमी ठाऊक आहे ते असे की, सरकारने खुनानंतर तक्रार करणाऱ्यांकडेही मोर्चा वळवला. शहरात जादा पोलिस बसवून त्यांचा खर्च नागरिकांच्या माथी मारला. २७ जुलैला टिळकांना अटक झाली आणि १४ सप्टेंबरला राजद्रोहाबद्दल १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. नातू बंधूंना १८२७ च्या २५व्या रेग्युलेशनखाली पकडून आरोप न ठेवता, खटला न चालवता १८९९ पर्यंत अडकवून ठेवले. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सैनिकांकडून स्त्रियांवर अत्याचार झाल्याचे तिथल्या वर्तमानपत्रात जाहीर केले. परतल्यावर पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणी नावानिशी उभे राहीना, तेव्हा त्यांनी बिनशर्त माफी मागितली. या माफीबद्दल गोखल्यांना पुष्कळ बोल लावले गेले. नातूंची अवस्था डोळ्यांसमोर असताना साक्षीदार का पुढे आले नाहीत, हा प्रश्न मात्र कमी विचारला गेला. १८९८ मध्ये राजद्रोहाचे कलम आणखी व्यापक झाले.

सक्ती फार काळ चालली नाही. मार्च १८९८ मध्ये मुंबईत एका आजारी मुलीला नेण्यावरून विणकरांच्या वस्तीत दंगल पेटली. सक्तीने रोगी सापडण्याऐवजी लपतात, हे अधिकाऱ्यांच्याही ध्यानात आले. घरझडती सैल झाली आणि भर हाफकिनच्या प्लेगप्रतिबंधक लशीवर, स्वयंसेवकांवर व समजुतीवर आला.

झडतीचा प्रश्न यानंतर नव्या देशाच्या घटनेपुढे आला. १९४७ मध्ये मूलभूत हक्कांच्या उपसमितीसाठी डॉ. आंबेडकरांनी तयार केलेल्या मसुद्यात घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती होऊ नये, असा हक्क स्पष्ट लिहिला होता. कन्हैयालाल मुनशी यांच्या मसुद्यातही घराच्या अभंगतेचे कलम होते. समितीच्या चर्चेत ते गळाले. ३ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत मध्यप्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी ते दुरुस्तीच्या रूपाने पुन्हा मांडले. आंबेडकरांनी दुरुस्ती स्वीकारण्याची तयारी दाखवली. असे संरक्षण फौजदारी संहितेत आहेच, पण कायदेमंडळाला ते काढून घेता येऊ नये म्हणून घटनेत असणे बरे, असे त्यांचे म्हणणे होते. मतदानाच्या वेळी गोंधळ झाला, निर्णय लांबला आणि अखेर दुरुस्ती नामंजूर झाली.

या नकाराची किंमत लवकरच कळली. १९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनी निकाल दिला की, घटनाकारांनी झडतीविरुद्धचा हक्क लिहिलेला नाही, तेव्हा तो दुसऱ्या कलमातून ओढून काढता येणार नाही. खरकसिंग या माणसाच्या घरी उत्तर प्रदेशचे पोलिस पाळतीच्या नावाखाली रात्री-अपरात्री येत. दरोड्याच्या आरोपातून तो पुराव्याअभावी सुटलेला होता. १९६२ मध्ये न्यायालयाने या रात्रीच्या भेटी घटनाबाह्य ठरवल्या, पण खासगीपणाचा हक्क मान्य केला नाही. तो मान्य व्हायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावे लागले. पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने तो २१व्या कलमाचा भाग ठरवला आणि शर्मा व खरकसिंग निकालांतली विरुद्ध विधाने रद्द केली. आंबेडकरांनी एका वाक्यात मागितलेली गोष्ट वळसा घालून, सत्तर वर्षांनी आली.

१८९७ चा कायदा अजून लागू आहे. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने कोविडची नियमावली त्याच्याच आधारे काढली, आणि त्यातले चौथे कलम तेव्हाही जागेवर होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडतीचे दृकश्राव्य चित्रण सक्तीचे आहे. विनावॉरंट झडतीची कारणे लेखी नोंदवून ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे पाठवावी लागतात. हे स्वागतार्ह आहे. मात्र पूरणमल खटल्यातला १९७३ चा निकाल कायम आहे: झडती बेकायदा असली तरी तीत सापडलेला पुरावा, तो प्रस्तुत असेल तर, न्यायालयात चालतो. त्यामुळे नियम मोडून घरात शिरणाऱ्या अधिकाऱ्याचे सहसा काही बिघडत नाही. संसदेला घराचे संरक्षण खरोखर करायचे असेल, तर साथरोग कायद्याचे चौथे कलम आणि बेकायदा झडतीतल्या पुराव्याचा हा नियम, या दोन गोष्टींना आधी हात घातला पाहिजे.