कोसंबींचे दोन पेपर

दामोदर कोसंबी म्हटलं की आपल्याला इतिहासकार आठवतो. पण पेशाने हा माणूस गणिती!

पुण्यात फर्ग्युसनला गणित शिकवत असताना, १९४४ मध्ये, त्यांचा अवघ्या चार पानांचा पेपर 'अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स' या ब्रिटिश जर्नलमध्ये आला. गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर कसं काढायचं, हा विषय. पिकांचे जनुकीय नकाशे बनवणारे लोक आजही सॉफ्टवेअरमध्ये 'कोसंबी' हा पर्याय निवडतात, आणि अर्थात तो पेपर साइट करतात.

आता १९४३ चा पेपर बघा. गुंतागुंतीचा सिग्नल मोजक्या घटकांत कसा मांडायचा, याचं गणित त्यात होतं. डेटा कॉम्प्रेशनवाल्यांच्या रोजच्या कामाची गोष्ट. पण तो छापला भारतातल्या गणिताच्या जर्नलमध्ये, तोही ऐन महायुद्धात. पुढे कारहुनेन आणि लोएव्ह यांनी तीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली आणि पुस्तकांत नाव लागलं त्यांचं. कोसंबींचं नाव आता कुठे कुठे जोडलं जातं, इतकंच.

माणूस तोच, वर्षं जवळपास तीच. म्हणजे साइटेशनच्या आकड्यात कामाच्या दर्जाइतकाच ते कुणाच्या टेबलावर पोचलं याचाही वाटा असतो. अप्रेझलसारखंच की हे!