लंडन रुग्णवाहिका सेवेची संगणकीय रवानगी प्रणाली

लंडन रुग्णवाहिका सेवेची संगणकीय रवानगी प्रणाली ही आपत्कालीन दूरध्वनींची नोंद घेणे, जवळची मोकळी रुग्णवाहिका निवडणे आणि तिला घटनास्थळी धाडणे ही कामे संगणकावर सोपवण्यासाठी उभारलेली व्यवस्था होती. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी ती संपूर्ण लंडनसाठी सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी कर्मचाऱ्यांना अर्ध्या कागदी पद्धतीकडे परतावे लागले. संस्थेत नवी संगणक प्रणाली आणताना नियोजन, खरेदी, चाचणी व प्रशिक्षण यांत काय चुकू शकते, याचे उदाहरण म्हणून सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांत हे प्रकरण शिकवले जाते.

पार्श्वभूमी

त्या काळी ही सेवा सुमारे ६०० चौरस मैलांच्या क्षेत्रातील जवळजवळ ६८ लाख रहिवाशांसाठी काम करीत असे. दिवसाला २,००० ते २,५०० दूरध्वनी येत. त्यांपैकी १,३०० ते १,६०० हे ‘९९९’ या आपत्कालीन क्रमांकावरील असत.

जुनी पद्धत पूर्णतः कागदी होती. दूरध्वनी घेणारा कर्मचारी छापील फॉर्मवर तपशील लिही आणि नकाशांच्या पुस्तकातून ठिकाण शोधी. फॉर्म सरकत्या पट्ट्यावरून मधल्या टेबलाकडे जाई. तेथे एकाच घटनेबद्दलचे दोन-तीन फॉर्म आले असल्यास ते ओळखून बाजूला काढले जात आणि उरलेले शहराच्या तीन विभागांत वाटले जात. विभागातील कर्मचारी वाहनांची स्थिती पाहून रुग्णवाहिका ठरवी, मग केंद्राला दूरध्वनीने किंवा रस्त्यावरील वाहनाला रेडिओवरून निरोप जाई. हे सारे तीन मिनिटांत व्हावे अशी अपेक्षा होती. ठिकाण शोधण्यात वेळ जाई, कागद गहाळ होत आणि दुबार फॉर्म ओळखणे कर्मचाऱ्यांच्या स्मरणशक्तीवर अवलंबून असे. संगणकाची गरज त्यामुळे खरी होती, याबद्दल फारसे दुमत नव्हते.

संगणकीकरणाचा एक प्रयत्न त्याआधीही झाला होता. सुमारे ७५ लाख पौंड खर्च झाल्यावर, कामाचा पूर्ण भार त्या प्रणालीला पेलवत नसल्याचे चाचण्यांत दिसले आणि १९९०मध्ये तो सोडून देण्यात आला. त्याच सुमारास वेतनावरून झालेल्या देशव्यापी संघर्षाने रुग्णवाहिका कर्मचारी व व्यवस्थापन यांचे संबंध ताणले गेले होते.

नियोजन व खरेदी

नव्या प्रणालीचा आराखडा १९९१च्या आरंभी तयार झाला. तो करताना रुग्णवाहिका चालवणाऱ्या कर्मचाऱ्यांचा सहभाग नगण्य होता. आराखडा तपशीलवार होता. बहुतेक प्रसंगी वाहनाची निवड संगणकानेच करावी अशी त्यात कल्पना होती. इतके स्वयंचलन देशातील कोणत्याही रुग्णवाहिका सेवेने त्याआधी केले नव्हते.

प्रणाली ८ जानेवारी १९९२ रोजी सुरू झालीच पाहिजे, अशी अट व्यवस्थापनाने घातली. आर्थर अँडरसन या सल्लागार संस्थेने पूर्वी दिलेल्या अहवालात तयार सॉफ्टवेअर मिळाल्यास १५ लाख पौंड व १९ महिने लागतील, आणि ते न मिळाल्यास दोन्ही आकडे बरेच वाढतील, असे म्हटले होते. हा अहवाल निवड करणाऱ्यांच्या विचारात आला नाही. निविदा भरणाऱ्या अनेक पुरवठादारांनी मुदत अव्यवहार्य असल्याचे कळवले होते. अखेरीस ॲप्रिकॉट, सिस्टिम्स ऑप्शन्स आणि डेटाट्रॅक यांच्या संघाला सुमारे ९ लाख ३७ हजार पौंडांचे कंत्राट मिळाले. हा देकार त्यानंतरच्या देकारापेक्षा सुमारे सात लाख पौंडांनी कमी होता. मुख्य सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या सिस्टिम्स ऑप्शन्स या लहान कंपनीला आपत्कालीन रवानगीच्या कामाचा अनुभव नव्हता. इतकी कमी किंमत कशी परवडते, हा प्रश्न पुरेशा गांभीर्याने विचारला गेला नाही.

प्रकल्पासाठी ‘प्रिन्स’ ही व्यवस्थापन पद्धती ठरवण्यात आली, पण ती कोणाला नीट ठाऊक नसल्याने ती कागदावरच राहिली.

अंमलबजावणी

ठरलेल्या तारखेला प्रणाली अपुरी होती. म्हणून जानेवारी १९९२पासून दूरध्वनींची नोंद संगणकावर होऊ लागली आणि तिच्या छापील प्रती पुढे जुन्या पद्धतीने हाताळल्या जाऊ लागल्या. पुढील महिन्यांत विभागवार एकेक भाग जोडण्यात आला. पडदे गोठणे, वाहनांचे स्थान चुकीचे दिसणे असे दोष या काळात सतत आढळत होते. कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण प्रत्यक्ष वापराच्या फार आधी झाले; शिवाय नियंत्रण कक्षातील व वाहनांवरील कर्मचाऱ्यांना वेगवेगळे शिकवले गेले.

२६ ऑक्टोबरला तिन्ही विभाग एकत्र करण्यात आले, कक्षातील बैठकव्यवस्था बदलली आणि कागदी आधार काढून टाकला गेला. त्या दिवशी ८१ ज्ञात दोष दुरुस्तीच्या प्रतीक्षेत होते. पूर्ण भाराखालील चाचणी झालेली नव्हती.

वाहनांचे स्थान व स्थिती अचूक कळेल, हे प्रणालीचे मूळ गृहीतक होते. सकाळी काम वाढू लागले तसे ते ढासळले. रेडिओ लहरी कमी पडत असल्याने वाहनांवरून बटण दाबून पाठवलेले संदेश पोहोचत नव्हते. कोणते वाहन मोकळे आहे हे संगणकाला कळेना, म्हणून एकाच घटनेला दोन वाहने किंवा लांबचे वाहन धाडले जाऊ लागले. प्रत्येक विसंगतीबरोबर पडद्यावर सूचना येई. सूचनांची रांग लांबली आणि महत्त्वाचे संदेश पडद्यावरून वर सरकून दिसेनासे झाले. रुग्णवाहिका न आल्याने लोक पुन्हा दूरध्वनी करीत, त्यामुळे भार आणखी वाढे. वाहनांवरील वैतागलेले कर्मचारी रेडिओवरून बोलू लागले आणि रेडिओही कोंडला. जुन्या पद्धतीत मधल्या टेबलावरील माणूस हा गोंधळ निस्तरत असे. नव्या पद्धतीत ती जागाच उरली नव्हती.

२७ ऑक्टोबरला दुपारी दोनच्या सुमारास रवानगीचा निर्णय पुन्हा माणसांकडे देण्यात आला. २८ ऑक्टोबरला मुख्य कार्यकारी अधिकारी जॉन विल्बी यांनी राजीनामा दिला.

४ नोव्हेंबरला पहाटे दोननंतर प्रणाली मंदावत जाऊन पूर्ण बंद पडली. सुमारे तीन आठवड्यांपूर्वी केलेल्या एका बदलात प्रोग्राममध्ये चूक राहिली होती. प्रत्येक रवानगीमागे सर्व्हरची थोडी मेमरी अडकून राही. ती अखेर संपली. पर्यायी सर्व्हरवर काम आपोआप गेले नाही, कारण ती सोय या स्वरूपातील प्रणालीसाठी कधी पूर्णपणे तपासलेली नव्हती. कर्मचारी कागदाकडे परतले.

चौकशी

चौकशी समितीचा अहवाल फेब्रुवारी १९९३मध्ये प्रसिद्ध झाला. २६ व २७ ऑक्टोबरला संगणक तांत्रिक अर्थाने बंद पडलाच नव्हता, हा त्यातील बहुधा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष होय. प्रणाली लिहिल्याप्रमाणे चालत होती, पण ती ज्या परिस्थितीसाठी लिहिली ती प्रत्यक्षात नव्हती. अवाजवी मुदत, अपुऱ्या चाचण्या, दुर्बळ प्रकल्प व्यवस्थापन आणि कर्मचाऱ्यांना विश्वासात न घेणे यांवर समितीने बोट ठेवले. विलंबामुळे २० ते ३० मृत्यू झाल्याचे वृत्तपत्रांत छापून आले होते. मात्र रुग्णवाहिका उशिरा आल्याने रुग्ण दगावल्याचा निष्कर्ष कोणत्याही मृत्यू-चौकशी न्यायालयाने काढलेला नसल्याचे समितीने नोंदवले.

नंतरची प्रणाली

दुसऱ्या वेळी सेवेने काम स्वतःकडे घेतले आणि घाई टाळली. प्रथम दूरध्वनी यंत्रणा, रेडिओ व नियंत्रण कक्ष सुधारण्यात आले. कर्मचाऱ्यांना आराखड्यात सहभागी करून साधी प्रणाली १९९६मध्ये सुरू झाली व तिच्यात टप्प्याटप्प्याने भर घालण्यात आली. १९९७मध्ये तिला ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटीचा पुरस्कार मिळाला. तिच्या जागी आणलेली ‘कमांडपॉइंट’ प्रणाली जून २०११मध्ये सुरू होताच अडखळली. त्या वेळी मात्र जुनी प्रणाली हाताशी होती. काम तिच्यावर परत नेण्यात आले आणि कमांडपॉइंट मार्च २०१२मध्ये पुन्हा, यशस्वीपणे, सुरू झाली.