पायमोज्यांची गोष्ट

परवा जालना रोडवरून येताना भाच्याने फूटपाथवर शंभरला तीन जोड या भावाने पायमोजे घेतले आणि मुकुंदवाडीत आमच्या घरी येऊन पलंगावर पसरून ठेवले. डिसेंबरात तो उत्तराखंडात केदारकंठ्याच्या ट्रेकला निघालाय. साडेबारा हजार फूट उंची, बर्फ आणि तंबूत मुक्काम. बूट सात हजारांचे, जॅकेट मित्राचं उसनं आणि मोजे हे असे! "मामा, मोज्यात काय असतं? थंडी वाजली तर दोन-दोन घालीन," म्हणाला. मी त्याला माझ्या डाव्या पायाची शेवटची दोन बोटं दाखवली.

दिसायला तिथे काही नाही. पण वीसेक वर्षं झाली, थंडी पडली की त्या बोटांना मुंग्या येतात. ही हरिश्चंद्रगडाची देणगी. आम्ही चौघे मित्र एसटीने संगमनेर, राजूर करत पाचनईला पोचलो आणि दुपारी गड चढलो. संध्याकाळी केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या गार पाण्यात उतरून पिंडीला प्रदक्षिणा घातली. वर आल्यावर ओले पाय दिवसभर घामाने भिजलेल्या सुती मोज्यांत कोंबले, वर आणखी एक जोड चढवला, बूट आवळले आणि तसाच झोपलो. पहाटे बोटं आपली नाहीतच असं वाटत होतं. गडावर जेवण करून देणाऱ्या एका मामांनी आधी मोजे काढायला लावले, पाय कोरडे पुसले, घोंगडीत गुंडाळले आणि वरून गोणपाट चढवलं. "आधी ओलं काढ रे, ऊब मागनं येती," एवढंच बोलले.

गंमत म्हणजे त्या रात्री गडावर पाणीसुद्धा गोठलं नव्हतं.

हा उलगडा मला फार उशिरा, पहिल्या महायुद्धाबद्दल वाचताना झाला. 1914-15 च्या हिवाळ्यात फ्रान्स-बेल्जियमच्या खंदकांत ब्रिटिश सैन्यातले वीस हजारांहून जास्त सैनिक 'ट्रेंच फूट'ने आजारी पडले. पाय आधी बधिर, मग सुजलेले, काहींचे तर कापावे लागले. आणि त्यासाठी बर्फ लागत नाही! शून्याच्या वर आठ-दहा अंश तापमान, ओले पाय आणि आवळलेला बूट, एवढ्यावर भागतं. नेपोलियनचा शल्यवैद्य लारे याने 1812 च्या रशियातल्या माघारीत असेच पाय पाहिले होते, पण शंभर वर्षांत सगळे ते विसरले.

त्याच हिवाळ्यात तिथे आपले हिंदी सैनिकही होते. लाहोर डिव्हिजन 1914 च्या सप्टेंबरअखेर आणि मेरठ डिव्हिजन ऑक्टोबरात मार्सेय बंदरात उतरली, त्या सुती खाकी कपड्यांत. पायाला गुंडाळायची पट्टी तर इंग्रजांनी आपल्याकडूनच उचललेली. इंग्रजीतला 'पुटी' हा शब्द म्हणजे आपली पट्टीच. ती भिजली की आकसायची आणि पोटरीचं रक्त अडवायची. (पायमोजा मात्र बाहेरून आला. फारसीत 'मोझा' म्हणजे बूट. आमची आजी म्हणायची तो 'पायताबा'ही फारसीच.)

उपाय काय निघाला, तर कोरडे मोजे! इंग्लंडमध्ये राणी मेरीने 3,00,000 जोडांचं आवाहन केलं आणि घरोघरी सुया चालू लागल्या. खंदकात पायांना व्हेलचं तेल चोळायचं, दिवसातून निदान एकदा मोजे बदलायचे, आणि अधिकाऱ्याने स्वतः पाय तपासायचे असा हुकूम निघाला. लाखोंची फौज, तोफा, विमानं... आणि अधिकारी गुडघे टेकून शिपायाची बोटं बघतोय!

लोकर का, हे भाच्याला माझ्या कुवतीप्रमाणे सांगितलं. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि तिच्या कुरळ्या तंतूंत हवा अडकून राहते. सूत पाणी पितं आणि कातडीला चिकटून बसतं. इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकसला सापडलेले लाल पायमोजे दीड हजार वर्षांहून जुने आहेत. वाळवंटातले असूनही लोकरीचेच! शिवाय अंगठा वेगळा, म्हणजे चपलेत घालता यावेत. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, टोचते म्हणून तिचे मोजे कुणी घालत नाही. तिची घोंगडी होते. मेरिनोचा तंतू बारीक असतो, म्हणून तो आठशे रुपयांना विकला जातो.

आणि दोन-दोन जोडांचं म्हणशील तर, बुटात जागा असेल तरच. बूट आवळला की मधली हवाही गेली आणि रक्तही थांबलं. एक जोड फक्त रात्रीचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचा. दिवसा कितीही मोह झाला तरी त्याला हात लावायचा नाही. रात्रीचा मोजा सैल हवा.

त्याला आयर्विनचीही गोष्ट सांगितली. 1924 च्या जूनमध्ये मॅलरी आणि सँडी आयर्विन एव्हरेस्टवर दिसेनासे झाले. मॅलरीचा देह 1999 मध्ये सापडला. आयर्विनचा मात्र शंभर वर्षं पत्ता नव्हता. सप्टेंबर 2024 मध्ये मधल्या रोंगबुक हिमनदीवर जिमी चिनच्या तुकडीला बर्फातून बाहेर आलेला एक बूट दिसला. आत पाय होता, पायात मोजा, आणि मोज्यावर शिवलेल्या पट्टीवर लाल अक्षरांत नाव: ए. सी. आयर्विन. बावीस वर्षांचा पोरगा तो. भाचा एकविशीचा. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग फूटपाथवरचे तिन्ही जोड कॉलेजला होतील म्हणून बाजूला ठेवले.

दुसऱ्या दिवशी आम्ही जाऊन लोकरीचे दोन जोड आणले. रात्री ताई सुई-दोरा घेऊन बसली. तंबूत सहा पोरं, कुणाचे मोजे कुणाकडे जातील म्हणून रात्रीच्या जोडावर त्याची आद्याक्षरं घालत होती. दोरा लालच घेतला होता. आयर्विनचं मी तिला काही सांगितलं नव्हतं, आणि तेव्हाही सांगितलं नाही.