दिंडीचे मृदंगी : वहीत न आलेला इतिहास



स्मरणिका समितीची मंडळी घरी आली, दिंडीच्या जुन्या वह्यांचं गाठोडं माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, "आबा, मृदंगाचं तुम्ही लिहा." आता मी वाजवणारा माणूस. पत्र लिहायचं तरी मुलाला बोलावतो. पण दिंडीला शंभर वर्षं झाली आणि मृदंगाबद्दल एक पान नाही, हे बरं दिसायचं नाही म्हणून बसलो.

वह्या चष्मा लावून पानापानाने पाहिल्या. बैलांचं भाडं आहे, ज्वारी आहे, गूळ, गोडंतेल, कंदिलाच्या काचा, राहुट्यांचे दोर सगळं आहे. पुढच्या वह्यांत बैल जाऊन ट्रकचं डिझेल येतं. अन्नदान कोणी कुठल्या मुक्कामाला केलं ते नावनिशीवार आहे. कीर्तन कोणाचं झालं तेही आहे. मृदंगाला पुडी घातली त्याचा खर्च तर आण्यापैशासहित आहे. पण तो मृदंग वाजवला कोणी, त्याचं नाव एकाही वहीत सापडलं नाही. पुडीची नोंद झाली, हाताची झाली नाही.

म्हणून पुढचं जे लिहितो ते काही माझ्या बुवांच्या तोंडून ऐकलेलं आणि काही स्वतः भोगलेलं. नावं मी मुद्दामच घालत नाही. आधीच्या तिघा-चौघांची नावं मला ठाऊक आहेत, पण मध्ये काही वर्षं पडेल त्याने मृदंग गळ्यात घातला, त्यांची आज कोणालाच आठवण नाही. एकाचं लिहायचं आणि दुसऱ्याचं राहून जायचं, ते नको.

हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात माउलींच्या सोहळ्याला शिस्त घालून दिली, ती वारकऱ्याला सांगायला नको. दिंडीची रचना त्याच शिस्तीतली. पुढं पताका, मग टाळकऱ्यांच्या ओळी, मध्ये मृदंग, मागं वीणा, आणि त्यामागं डोक्यावर तुळस घेतलेल्या मायमाउल्या. वीणेकऱ्याचा शब्द दिंडीत शेवटचा, आणि ते योग्यच आहे. पण पाय चालतात ते मृदंगावर. दिवे घाटात चढ लागला, ऊन डोक्यावर आलं की पुढच्या पोरांची पावली ढिली पडते. तेव्हा मृदंग्याने लय पाडली तर अख्खी दिंडी बसते. अशा वेळी गळ्यात आठ-दहा किलोचं खोड, मानेला पट्टा कापतोय, आणि हात थांबवायची सोय नाही. टाळकरी थकला तर बाजूला होऊन पाणी पितो. मृदंगी एकटा असला तर त्याला ते जमत नाही. मागची बाई तांब्या पुढं करते आणि कोणीतरी टाळकरी आपल्या हाताने तोंडात पाणी ओततो. मी असं पाणी फार प्यालो आहे.

त्यात वारी पावसाळ्याची. ज्येष्ठात निघायचं, आषाढात पोचायचं. मृदंग कातड्याचा, त्याला ओल सोसत नाही. बुवांच्या काळी प्लॅस्टिक नव्हतं, स्वतः भिजायचे आणि घोंगडी मृदंगावर टाकायचे. मुक्कामाला पोचल्यावर आधी मृदंग चुलीच्या उबेला, मग माणूस. धुम्याला लावायची कणीक भाकरी करणाऱ्या बायांकडून मागून घ्यायची. एकदा नातेपुत्याच्या अलीकडं पुडी फाटली. दुसरी नव्हती. पुढच्या मुक्कामापर्यंत बुवांनी नुसत्या उजव्या तोंडावर दिंडी चालवली असं जुनी माणसं सांगायची. मी पाहिलेलं नाही, पण बुवांचा हात पाहिलेला आहे, म्हणून विश्वास ठेवतो.

पुडीवरून एक गोष्ट निघते, ती लिहायलाच पाहिजे. मृदंगाला कातडं चढवणारा कारागीर आमच्याच पंचक्रोशीतला. वादी ओढून, गट्टे ठोकून तो मृदंग असा बोलता करायचा की बुवा मान डोलवायचे. पण गावच्या देवळात काकडा लागला की तो पायरीच्या खाली बसून ऐकायचा. त्याच्या हातचा मृदंग गाभाऱ्यापुढं आणि तो बाहेर! पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केलं, तेव्हा आमच्या दिंडीतही दोन तट पडले होते असं बुवा सांगत. कोण कुठल्या बाजूला होतं ते मला ठाऊक आहे, आता त्यांची नातवंडं एका पंगतीला बसतात. पण त्या वर्षीच्या वहीतही पुडीचा खर्च आहेच. या स्मरणिकेत दात्यांची यादी छापली जाईल, त्यात त्या घराण्याचं ऋण कुठल्या रकान्यात घालायचं ते समितीने ठरवावं.

आता खरं सांगायचं ते वेगळंच आहे. लोकांना वाटतं, मृदंगी म्हणजे वारीचे दिवस. वारी वीस-बावीस दिवसांची. बाकी वर्षभर हात तयार ठेवायचा कसा? दिंडी शंभर वर्षं टिकली ती वारीत नाही टिकली, ती वर्षभराच्या बारक्यासारक्या भजनांत टिकली, असं माझं पक्कं मत झालं आहे.

आश्विनी पौर्णिमेपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटेचा काकडा. त्या थंडीत बोटं वळत नाहीत, पहिले दोन अभंग नुसते हात ऊन करण्यात जातात. मग दर पंधरा दिवसांची एकादशी, रात्रीचा जागर. गोकुळाष्टमी, रामनवमी, हनुमान जयंती, बीज, कुठं ना कुठं सप्ताह असतोच. त्याशिवाय वास्तुशांत, बारसं, नव्या विहिरीला पाणी लागलं म्हणून भजन. आणि माणूस गेला की भजन. हे सगळ्यांत जास्त. रात्री-अपरात्री कडी वाजते, बाहेर पोरगं उभं असतं, ते काही बोलत नाही, मी मृदंगाची गवसणी उचलतो. माझ्या हिशेबाने मी देवळात वाजवलं त्याच्या दुप्पट मयतापुढं वाजवलं असेल.

बुवा गेले तेव्हाही तेच. पाच गावांत त्या दिवशी दुसरा मृदंगी मिळेना. खांदा द्यायची माझी फार इच्छा होती, शिष्य होतो. पण खांदा द्यायला माणसं होती, मृदंगाला नव्हतं कोणी. घरापासून ओढ्यापर्यंत मी पुढं वाजवत गेलो. मागं वळून पाहता येत नाही, लय सुटते. बुवांचं शेवटचं दर्शन म्हणतात ते मला नीट झालंच नाही.

या सगळ्याची बिदागी काय? नारळ, टॉवेल-टोपी, आणि पाच-अकरा रुपये. मयताला आणि तेराव्याला मी कधी पैसा घेतला नाही, बुवांचा दंडक होता. सप्ताहाला घ्यायचो. सायकलच्या कॅरिअरला गोधडीत गुंडाळून मृदंग बांधायचा आणि दिवसभर रानात राबून संध्याकाळी निघायचं. एका गावच्या सप्ताहात कीर्तन झालं, महाराजांना पाकीट मिळालं, त्यांची गाडी निघाली. मला नेऊन सोडायचं कबूल केलेलं कोणाच्याच ध्यानात राहिलं नाही. त्या दिवशी सायकल पंक्चर म्हणून घरी होती. शेवटची एसटी कधीच गेलेली. अकरा किलोमीटर मृदंग खांद्यावर घेऊन चालत आलो. खिशात नारळ होता, तो वाटेत फोडून खाल्ला. राग आला होता का? आला होता. खोटं कशाला बोलू? पण दुसरेही एक कीर्तनकार पाहिले, जे पाकीट तिथल्या तिथं फोडून मृदंगी, टाळकरी, विणेकरी सगळ्यांत वाटायचे आणि मगच पंगतीला बसायचे. दोन्ही तऱ्हेची माणसं याच संप्रदायात आहेत.

१९७२ च्या दुष्काळाचं थोडं सांगतो. आम्ही सगळे खडी फोडायच्या कामावर. दिवसभर हातोडा मारून तळहाताला भेगा पडायच्या. त्या भेगांवर मृदंगाची थाप बसली की डोळ्यांत पाणी यायचं. बुवा म्हणाले, "काकडा मोडायचा नाही." तेल नव्हतं म्हणून एकच काकडा पेटवून तोच महिनाभर पुरवला. कणकेची तर चैनच होती. मिलोचं पीठ भिजवून लावलं, ते धरायचं नाही, सुकून पडायचं. त्या वर्षी मृदंगाचा आवाज कसा असायचा ते विचारू नका. पण वाजला.

त्यानंतर आमच्या मृदंगात खरा फरक पडला तो गिरण्यांच्या संपाने. आपल्या भागातली किती माणसं परळ-लालबागच्या गिरण्यांत होती ते सगळ्यांना माहीत आहे. चाळीचाळींतून त्यांची भजनी मंडळं होती, पाळी सांभाळून शनिवारची रात्र जागवायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि हळूहळू माणसं गावाकडं परतली. कामधंदा गेलेला, पण टाळ-मृदंग घेऊन आली. त्यातल्या एकाचा हात ऐकून मी थक्क झालो. आमचा गावठी भजनी ठेका, आठ मात्रा सरळ. त्याने चाळीत नाना तऱ्हेच्या लोकांकडून शिकलेलं, गजराला चढवायचा तर असा की म्हातारेही नाचायला उठावेत. सुरुवातीला जुन्यांना ते रुचलं नाही. फडाच्या चालीत मुंबईचा नखरा नको म्हणाले. वर्ष-दोन वर्षं मी त्याच्याबरोबर आलटून-पालटून वाजवलं, तो साधं वाजवायला शिकला आणि मी थोडं खुलायला शिकलो. दिंडीत दोन मृदंग तेव्हापासून आहेत. गिरणी बंद पडली म्हणून आपल्या दिंडीला दुसरा मृदंग मिळाला, हेही इतिहासात असावं. त्या माणसाचा गिरणीतला हिशेब मात्र शेवटपर्यंत पुरा झाला नाही.

आत्ताचं बोलू. नटबोल्टचे मृदंग आले. पान्याने पिळलं की सूर चढतो, हातोडीने गट्टे ठोकत बसायला नको. मी सुरुवातीला नाक मुरडलं, पण पावसात त्याची सोय मोठी आहे, मुकाट्याने घेतला. माइक आला, पेटी आली. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था काढली, त्यामुळं संप्रदायात शिकून तयार होण्याची वाट पडली. आता तर गावोगावी मृदंगाचे वर्ग आहेत. पोरं मोबाइलवर पाहून अवघड अवघड बोल काढतात. नानासाहेब पानशांच्या परंपरेतली विद्या, जी आमच्या बुवांना नुसती ऐकून माहीत होती, ती आता खेड्यातल्या पोराच्या हातात दिसते. हात फार तयार आहेत. कान अजून व्हायचेत. गायकाचा श्वास संपत आला की मृदंगाने खाली यायचं असतं, तिथं ही पोरं नेमकी वर जातात. होईल, वयाने होईल.

त्यांचं आणि जुन्यांचं भांडण मात्र वेगळ्याच गोष्टीवरून लागलंय, आणि ते मी स्मरणिकेत झाकून ठेवणार नाही. गेल्या साली बैठकीत एका तरुण मृदंग्याने विचारलं, वारीचं मानधन किती? सभा एकदम चूप. मग सगळ्यांनी त्याला धरलं. सेवेचे पैसे मागतो, असा गलका झाला. मला विचारलं. मी म्हणालो, मी वारीत एक पैसा घेतला नाही, घेणारही नाही. पण माझी चार एकर बागायत होती आणि मागं राबायला दोन भाऊ होते. या पोराच्या घरी तो एकटा, रोजंदारीवर. तीन आठवडे रोज बुडवून तो येतो आणि वर मृदंगाची पुडी स्वतः भरतो. ट्रकच्या ड्रायव्हरला आपण पैसे देतो, मांडववाल्याला देतो, तेव्हा सेवा आठवत नाही. वहीत पुडीचा खर्च शंभर वर्षं लिहिला जातोय, त्याच ओळीत हाताचा खर्च लिहायला काय हरकत आहे? काही जण माझ्यावर अजून नाराज आहेत. एका जुन्या सोबत्याने चार महिने रामकृष्णहरी केलं नाही. पण त्या पोराचा बुडालेला रोज दिंडीने द्यायचा ठरला. मानधन म्हणायचं नाही, एवढी तडजोड झाली.

२०२० साली पालखी एसटीने पंढरपूरला गेली. दिंड्या घरी. आषाढी एकादशीला, १ जुलैला, मी अंगणात मृदंग घेऊन बसलो आणि हरिपाठ लावला. म्हातारी टाळ धरून. पन्नासेक वर्षांत पहिल्यांदा बसून वाजवत होतो, चालत नव्हतो, आणि तेव्हाच कळलं की डावा हात थरथरतोय. चालताना हे कधी ध्यानात आलं नव्हतं, का येऊ दिलं नव्हतं, कोण जाणे. डॉक्टरकडं गेलो. ते वयाचं आहे म्हणाले.

तरी २०२२ ला वारी परत सुरू झाल्यावर गेलोच. दिवे घाट चढलो, पण सासवडला रात्री मान वळेना. त्या पोराने काही न बोलता दुसऱ्या दिवशी सकाळी मृदंग आपल्या गळ्यात घातला. मी टाळ घेतला. इतक्या वर्षांनी टाळकऱ्यांच्या ओळीत उभा राहिलो, तर पावली चुकत होती. पोरं हसली, मीही हसलो.

यंदा जायचं आहे. माझा जुना गट्ट्यांचा मृदंग बुवांचा, खैराच्या खोडाचा, तो त्या पोराला दिला आहे. पुडी चढवायला टाकली आहे, त्याच कारागिराच्या नातवाकडं. प्रस्थानाच्या आत देतो म्हणालाय. वहीत यंदा मृदंग्याचं नाव घालायला सांगितलं आहे. ते घातलं की नाही, ते मी पंढरपूरहून आल्यावर पाहीन.