मॉरिशस बेट आणि तेथील मराठी माणूस

सकाळच्या गाडीनें डोंबिवलीहून मुंबईस कामाला गेलेला गृहस्थ सायंकाळीं घरीं परततो. पोटासाठीं दूर जावें आणि दिवस मावळल्यावर आपल्या माणसांत यावें, हा क्रम येथील घरांच्या अंगवळणीं पडला आहे. परंतु एकोणिसाव्या शतकांत कोंकणांतून व घाटावरून कांहीं माणसें अशा कामावर गेलीं, कीं तेथून परत येणें त्यांतील बहुतेकांच्या नशिबीं नव्हतें.

पॅसिफिक महासागरांतील फिजी बेटांवर १८७९ पासून १९१६ पर्यंत सुमारें साठ हजार हिंदी मजूर नेण्यांत आले. त्यांचीं जहाजें कलकत्ता व मद्रास येथून सुटत. मुंबईहून निघालेल्या मजुरांचीं जहाजें मात्र हिंदी महासागरांतील मॉरिशसकडे जात. म्हणून उसाच्या बेटावर स्थायिक झालेला मराठी माणूस पाहावयाचा, तर तो मॉरिशसमध्येंच पाहिला पाहिजे.

मॉरिशस हें मादागास्करच्या पूर्वेस असलेलें ज्वालामुखीजन्य बेट. त्याचें क्षेत्रफळ सुमारें १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एखाद्या लहान जिल्ह्याहूनहि कमी. या बेटास मूळचे रहिवासी असे कोणी नव्हतेच. १५९८ मध्यें डच खलाशी तेथें उतरले व त्यांनीं आपल्या राजपुत्र मॉरिसचें नांव बेटाला दिलें. त्यांच्याच शतकांत तेथील डोडो पक्षी नामशेष झाला. १७१० मध्यें डच निघून गेले आणि १७१५ मध्यें फ्रेंच आले. त्यांनीं आफ्रिका व मादागास्कर येथून गुलाम आणून शेती वसविली. १८१० मध्यें बेट इंग्रजांनीं जिंकलें. १८३५ मध्यें तेथील गुलामगिरी कायद्यानें संपली, आणि मळेवाल्यांपुढें प्रश्न उभा राहिला : आतां ऊस तोडावा कोणीं?

त्याचें उत्तर म्हणजे हिंदुस्थानचा मजूर. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं 'अ‍ॅटलास' जहाजानें ३६ मजूर पोर्ट लुई बंदरांत आणले. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारें साडेचार लाख माणसें आलीं. मुंबईहून आलेल्यांचा वाटा त्यांत एकदशांशाहूनहि कमी होता. प्रारंभींचा करार पांच वर्षांचा व वेतन दरमहा पांच रुपये. एक दिवस खाडा झाला कीं दोन दिवसांची मजुरी कापण्याचा नियम होता. गुलामगिरी हा शब्द गेला, पण तिची सावली मळ्यांवर बराच काळ रेंगाळली.

बंदरावरील आगारांत प्रत्येकाला क्रमांक मिळे. नांव कारकुनाच्या कानाला जसें ऐकूं येई तसें परकी लिपींत लिहिलें जाई. पुढें बापाचें नांव मुलाचें आडनांव बने, आणि गांवाची व कुळाची खूण पुसली जाई. ज्या नोंदवह्यांनीं माणसाला क्रमांक दिला, त्याच आज महात्मा गांधी संस्थेच्या संग्रहांत आहेत. आपले पूर्वज कोण, हें शोधूं पाहणाऱ्यांना त्यांचाच आधार असतो.

१२ मार्च १९६८ रोजीं हें बेट स्वतंत्र झालें. आज हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, चिनी, आफ्रिकी अशा अनेक वंशांचे व धर्मांचे लोक तेथें नांदतात, आणि क्रिऑल ही सर्वांची बोली आहे. मराठी घरांतूनहि बहुधा तीच बोलली जाते. मराठी मुलाला मराठी शाळेंत शिकावी लागते. पण कास्कावेल व वाकोआ या भागांत गणेशचतुर्थी आली कीं शाडूची मूर्ति घरीं येते, आरती होते, कोंकणांतील जाखडीच्या वळणाचें 'झाकरी' नृत्य रंगतें. १८९६ पासून तेथें गणेशोत्सव चालत आल्याचें सांगतात, आणि चतुर्थीला सबंध देशाला सुट्टी असते.

डोंबिवलीच्या गणेशमंदिरांत आरतीला उभा राहणारा मनुष्य ती आपल्या घरच्या भाषेंत म्हणतो. मॉरिशसच्या मराठी माणसाला त्या शब्दांचा अर्थ पुष्कळदां पुस्तकांतून समजून घ्यावा लागतो, तरी तो आरती सोडीत नाहीं. आडनांव गेलें, गांव गेलें, बोली क्षीण झाली. मात्र वर्षांतून एकदां सर्वांनीं मिळून म्हणावयाचें जें होतें, तें राहिलें. बोलीचें पुढें काय व्हावयाचें, हें त्या शाळांतील मुलें ठरवितील.