'वाडा चिरेबंदी': घर सोडणारे आणि घरात उरलेले

'वाडा चिरेबंदी' हे महेश एलकुंचवार यांचे मराठी नाटक आहे. विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली ते १९८५ मध्ये रंगमंचावर आले. स्थलांतरामुळे कुटुंबाची ओळख कशी बदलते, हा त्याचा गाभा आहे.

लेखक कुठले?
एलकुंचवारांचा जन्म १९३९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील पारवा येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे तेलुगू, विदर्भात येऊन स्थायिक झालेले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम हा सारा वऱ्हाडचा मुलूख.

गोष्ट काय आहे?
धरणगावच्या देशपांडे वाड्यात तात्याजींचे निधन झाले आहे. मुंबईला नोकरी करणारा मुलगा सुधीर पत्नी अंजलीसह गावी येतो. थोरला भास्कर घर सांभाळतो. तेराव्याला गावजेवण घालायचे, पण पैसा नाही. जमीनदारी गेली, रुबाब मात्र सुटत नाही. अंगणात ट्रॅक्टर गंजत पडला आहे.

परका नेमका कोण?
सुधीरने कोकणस्थ मुलीशी लग्न केले. घरात वऱ्हाडी वळणाची बोली, अंजलीच्या तोंडी शहरी मराठी. बोलण्याच्या या फरकातूनच दुरावा जाणवतो. मुंबईकराकडे पैसा असेल, असे घरच्यांना वाटते. गावाकडे सोने-जमीन आहे, असा सुधीरचा हिशेब. पण घरात राहिलेल्यांचेही काही वेगळे नाही. प्रभाचे शिक्षण घरच्यांनी थांबवले, चंदू घरकामात अडकला. वाड्याबाहेर पाऊल न टाकताही ही माणसे स्वतःला हरवून बसतात. म्हणूनच गावाचा दोष की शहराचा, याचा निवाडा नाटक देत नाही.

पुढे काय होते?
'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' या नाटकांत पुढची पिढी येते. सुधीरचा मुलगा अभय स्वीडनला जातो. भास्करचा मुलगा पराग गावातच राहतो. 'युगान्त'मध्ये दुष्काळाने सगळे उजाड झाले असताना हे दोघे चुलतभाऊ समोरासमोर येतात. चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली १९९४ मध्ये ही त्रिनाट्यधारा सलग सादर झाली. 'युगान्त'साठी एलकुंचवारांना २००२ चा सरस्वती सन्मान मिळाला.

आज का वाचावे?
वऱ्हाडातल्या कितीतरी घरांतली मुले आज पुण्या-मुंबईत किंवा परदेशात आहेत. सणाला सगळे जमतात आणि वाटणीचा विषय निघताच शांतता पसरते. त्या शांततेत दोन्ही बाजूंना काय बोलायचे असते, ते या नाटकात ऐकू येते.